आईला विश्रांती

४ एप्रिल
ठरलं. मे महिन्यात फुकेत. मी, प्राची, सहा वर्षांची अन्वी आणि तीन वर्षांचा नील. आमच्या डोंबिवलीतल्या, कोपरच्या बिल्डिंगमध्ये इतक्या लहान मुलांना घेऊन परदेशात जाणारे आम्हीच पहिले असू.

आईला नेत नाही आहोत. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मनात घोळत राहणार नाही. आई वर्षभर दोन्ही मुलं सांभाळते. शाळेची बस, डबे, नीलचं जेवण, नीलची झोप, सगळं तीच. तिला विश्रांतीची गरज आहे. आम्ही मुलांना घेऊन गेलो की तिला आपोआप सुट्टी. म्हणजे एका अर्थी ही ट्रिप आईसाठीच आहे.

प्राची म्हणाली, निदान तिला विचार तरी. म्हटलं, विचारतो.

६ एप्रिल
विचारलं नाही. आईनेच विचारलं. मागच्या वर्षी हौसेने काढलेला तिचा पासपोर्ट आता उपयोगी पडेल का, म्हणून. मी गडबडलो आणि म्हणालो, अगं, सिनियर सिटिझनना तिथला व्हिसा लवकर मिळत नाही.

तोंडातून निघून गेलं. फुकेतला आपल्याला व्हिसा लागतच नाही, तिलाही नाही आणि मलाही नाही.

आई म्हणाली, असू दे रे, एवढ्या उन्हात मी कुठे येऊ. आणि पोळ्या लाटायला लागली.

याला खोटं म्हणता येणार नाही. तिच्या भल्यासाठी दिलेली चुकीची माहिती, इतकंच.

१९ एप्रिल
कल्याणला जाऊन बॅगा आणल्या. माझ्या माजिवड्याच्या ऑफिसात सहकारी देवेश भेटला. तो त्याच्या जुळ्यांना घेऊन दुबईला जाऊन आलाय. म्हणाला, आईला ने, सासूला ने, कुणालाही ने, पण एक एक्स्ट्रा माणूस ने. मला हसू आलं. मी ऑफिसात अख्खी टीम सांभाळतो. स्वतःची दोन मुलं काय अवघड आहेत?

संकल्प: फुकेतमध्ये मुलांना मोबाईल द्यायचा नाही. नीलला मी स्वतः भरवणार, मी झोपवणार. आईला पोचल्याचा एक फोन, बस. तिच्या विश्रांतीत व्यत्यय नको.

१० मे, दुपार
बॅगा भरल्या. आईने मेतकूट, तूप, तांदूळ आणि छोटा इलेक्ट्रिक पॅन दिलाय. शिवाय मीठ, मोहरी आणि लाल मिरच्यांची एक पुडी. पोराला दृष्ट लागली तर, म्हणाली. मी म्हटलं, अगं, तिथे आपल्या पोराकडे बघतंय कोण? पण पुडी ठेवली. तिचं मन मोडायला मला जमत नाही.

११ मे
पोचलो. रूम झकास. दार उघडलं की समोर पूल.

नील सकाळपासून जेवला नाही. वाळूला पाय लागला तर किंचाळला. आजी कुठाय, आजी कुठाय, हेच चालू. मी मनापासून भरवायला बसलो. पहिला घास माझ्या शर्टवर, दुसरा हॉटेलच्या पडद्यावर.

शेवटी पोचल्याचा फोन करायचाच होता, म्हणून व्हिडिओ कॉल केला. आईने तिकडून हा घास चिऊचा, हा घास काऊचा सुरू केलं आणि नीलने वाटीभर मेतकूट-भात खाल्ला. मी फक्त फोन धरला होता. हात भरून आला.

१२ मे
मोबाईलबद्दलच्या संकल्पात थोडी सुधारणा: आजी दिसत असेल तर तो मोबाईल नाही.

१३ मे
नाश्ता, जेवण, आंघोळ, दुपारची झोप, सगळं आईच्या कॉलवर. आज आईचं भजनीमंडळ होतं. ती गेली नाही. नीलचा फोन आला तर, म्हणाली. खरं तर एकटीला तिला करमत नसणार. आमच्यामुळे तिचा वेळ छान जातो.

दुपारी नील झोपला. प्राची अन्वीला घेऊन शिंपले वेचायला गेली होती. मला जरा पाण्यात उतरावंसं वाटलं. फोन उशीला टेकवून ठेवला आणि आईला म्हटलं, नीलकडे बघत राहा, उठला तर ओरड, मी दारातच आहे.

आई डोंबिवलीतून बघत राहिली. मी पाण्यात पडल्या पडल्या विचार केला की या वयात माणसाला आपली गरज आहे असं वाटणं फार महत्त्वाचं असतं.

प्राची परत आली, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. उन्हाने तिचं डोकं दुखत असावं.

१४ मे
आज झालं ते सविस्तर लिहायला हवं, कारण प्राची वेगळंच सांगत सुटेल.

नील दुपारपासून रडत होता. थांबेचना. आईने फोनवर बघितलं आणि म्हणाली, दृष्ट लागलीय. मी विज्ञानवादी आहे. पण तासभर रडणारं पोर कडेवर असलं की विज्ञान जरा मागे पडतं. पुडी काढली, आई सांगेल तशी त्याच्यावरून ओवाळली.

आता हे जाळायचं कुठे? गॅस नाही. आई म्हणाली, मग राहू दे, पाण्यात टाकून दे. मी म्हटलं, थांब गं, माझ्याकडे आयडिया आहे. पॅन लावला आणि फुल्ल हीटवर मिरच्या टाकल्या.

मिरच्यांना वास आला नाही म्हणजे दृष्ट लागलेली असते. वास आला. असा आला की आम्ही चौघं खोकत बाहेर पळालो. मग छतातून अलार्म वाजायला लागला. सगळं हॉटेल लॉनवर जमलं. गोरे आजी-आजोबा टॉवेल गुंडाळून खोकत होते. मिरच्यांचा धूर शेजारच्या तिन्ही रूम्समध्ये गेला होता.

नील मात्र रडायचा थांबला. फायरवाले बघून टाळ्या वाजवत होता. म्हणजे दृष्ट उतरली.

मॅनेजर आला. मी त्याला शांतपणे इंग्लिशमध्ये समजावलं की हा आमचा धार्मिक विधी आहे, माझी म्हातारी आई हट्टच धरून बसली, काय करणार, जुनी माणसं. तोही समजुतीने मान हलवायला लागला. मग लक्षात आलं, फोन माझ्या हातातच होता आणि आई अजून कॉलवर होती.

आईला इंग्लिश येत नाही. पण मदर कळतं.

तिने विचारलं, माझ्यामुळे ओरडा बसला का रे तुम्हाला?

मी म्हटलं, जाऊ दे गं, होतं असं.

१५ मे
ती चुकली असं मी म्हणालोच नव्हतो. फक्त जाऊ दे म्हणालो. तरी सकाळचा नाश्ता गेला नाही. आईसाठी काहीतरी चांगलं घ्यायला हवं.

जेवताना अन्वीने फोनवर विचारलं, आजी, तू का नाही आलीस? विमानात तर केवढ्या आज्या होत्या.

मी फोन घेतला आणि रेंज गेली असं सांगून कट केला. रेंज फुल्ल होती.

१७ मे
घरी. आईने दारातच नीलला घेतलं. तिच्यासाठी हत्तीचं भरतकाम केलेली पर्स आणलीय. छान आहे म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली.

नवा संकल्प: पुढच्या वर्षी आईला न्यायचंच. तिलाही परदेश बघायला मिळेल आणि नील तिच्याजवळ झोपला की मी आणि प्राची संध्याकाळी मार्केट फिरू शकतो. सगळ्यांचाच फायदा. व्हिसाचा नियम आता बदलला असं सांगतो, म्हणजे मागचा विषयच निघणार नाही.

१८ मे
सांगितलं. नियम बदललेत म्हणे गं, आता तूही येऊ शकतेस.

आई नीलला भरवत होती. म्हणाली, व्हिसा लागतच नाही रे तिथे. खालच्या रमाबाई दिवाळीत जाऊन आल्या ना. त्यांनी मला एप्रिलमध्येच सांगितलं.

तीच पुढे म्हणाली, मी म्हटलं, नको म्हणायला तुला जड जात असेल. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही का नाही गेलात? मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलंय. तुलाही विचारतील. तेच सांग, दोघांचं वेगवेगळं नको.

आणि पुढचा घास कालवायला लागली. मला मान वर करता येईना. प्राची ओट्याशी पाठ करून उभी होती.

२० मे
लिफ्ट बंद. ऑफिसातून आलो तर जिन्यात रमाबाई भेटल्या. म्हणाल्या, आईंचे गुडघे कसे आहेत? नाही जाता आलं बिचाऱ्यांना.

म्हटलं, बरे आहेत, पण जिने चढवत नाहीत तिला.

तेवढ्यात खालून आई आली. झोपलेला नील खांद्यावर, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि नेहमीसारखी भराभर चढत. आमचं बोलणं तिने ऐकलं असणार. पिशवी तिने मनगटात अडकवली, कठड्याला धरलं, आणि रमाबाई दिसेनाशा होईपर्यंत एकेक पायरी लंगडत चढली.