आवाज बंद करून पाह्यलेले भुताचे पिक्चर

३ जानेवारी १९९९, सिंदी (रेल्वे)
साक्षगंध झालं. मयुरी सेवाग्रामले दवाखान्यात नर्स आहे. लग्नानंतर तिथंच खोली करायची, मी तिथून इथल्या कापडाच्या दुकानाले जाणं-येणं करीन. तिनं सगळ्यायसमोर एकच विचारलं, माझी नाईट ड्युटी असली की घरी एकटे राहाल ना. मी सांगून टाकलं, हेमराज भुताच्या बापाले भेत नाई. घरचे सारे हसले. काऊन हसले, समजलं नाई. मायनं मान खाली घातली.

५ जानेवारी
रात्री आंगणापलीकडं संडासात जायचं होतं. मायले उठवून सोबत नेलं. तिचे गुडघे आखडतात, चालणं झालं पाहिजे.

९ जानेवारी
निश्चय. मयुरीले अन् तिच्या आईले, प्रमिलाबाईले, वर्ध्याले भुताचा पिक्चर दाखवायचा. माझी हिंमत दोघींच्या डोळ्यांदेखत सिद्ध होईन. त्याआधी प्रॅक्टिस. नत्थूच्या व्हिडिओ लायब्ररीतून रोज एक कॅसेट.

१० जानेवारी, दुपार
पहिली कॅसेट. दार उघडं ठेवलं, हवेसाठी. माय झोपली होती म्हणून आवाज बंद. काहीच भीती वाटली नाई. चुडैल नुसती तोंड उघडते अन् मिटते, दुकानात भाव करणाऱ्या बाईसारखी. लोक कायले ओरडतात?

१४ जानेवारी
आणखी तीन झाल्या. आज माय तिळगूळ वाटायले गेलती, तरी आवाज बंदच ठेवला. सवय मोडू नये. विचाराअंती समजलं, भीती माणसाच्या पोटात आधीच असते, पिक्चर फक्त बाहेर काढते. माझं पोट साफ आहे. नत्थू म्हणे, आवाज लावून पाह्य एकदा. त्याले यातलं काय समजते.

२४ जानेवारी, रविवार
मॅटिनी. प्रमिलाबाई मधात बसल्या, रीतच आहे. नावं संपायच्या आत घोरायले लागल्या. मयुरी फुटाणे खात हसून राह्यली होती. म्हणे, रक्त इतकं गुलाबी नसते. मी एकदम शांत. मग दार करकरलं. स्पीकर नेमका माझ्याच बाजूले, थेटरवाल्यायची चूक.

पुढचं नीट आठवत नाई. मयुरी म्हणते, मी प्रमिलाबाईचा पदर डोक्यावर घेतला अन् माय वं, माय वं करत होतो. अर्धं थेटर वळून पाहत होतं. खरं तर मी प्रमिलाबाईले उठवून राह्यलो होतो, तिकिटं वाया जाऊन राह्यली होती म्हणून.

बाहेर आल्यावर मयुरी हसली नाई. बस आली तशी आईले घेऊन चढली, मागं वळून पाह्यलं नाई.

२८ जानेवारी
चैन नाई. लग्न मोडते का काय. गिऱ्हाइकानं लाल कापड मागतलं, मी निळं फाडून दिलं. फोन वाजला की गिऱ्हाईक सोडून धावतो, उचलला की सुरतचा एजंट. बसलो की उठावं वाटते, उठलो की बसावं. मले तीच पोरगी पाहिजे. इथं लिहिता येते, तिले म्हणता येत नाई.

३१ जानेवारी
मयुरीचा फोन आला. लग्न मोडत नाई. माझ्या डोळ्याले पाणी आलं, सर्दी आहे. नाईट ड्युटीचंही तिनं परस्पर ठरवून टाकलं. त्या रात्री तिची आई सावंगीच्या घरून आमच्या खोलीवर झोपायले येईन.

मी लगेच हो म्हटलं. बिचाऱ्या घरी एकट्याच असतात. म्हातारं माणूस, भेत असतीन.