तिसऱ्या घराचा वसा

झाँसी, मंगळवार, १ नोव्हेंबर २०२२

आले एकदाची. बरुआसागरहून बस तासाभराची, पण ड्रायव्हरला वाटेत दोनदा चहा लागला, तेव्हा दोन तास. सोबत पाच किलो आलं. बरुआसागरहून येताना आलं आणलं नाही, तर तिथून आलोय यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

बकुळ ही माझ्या जनार्दनची मुलगी. सिविल लाइंसमध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं एकटी राहते. बत्तीस वर्षांची, कचेरीत नोकरी, लग्न नको म्हणते. नको तर नको, मी करून कोणते दिवे लावले. जनार्दन भुसावळला रेल्वेत. त्याचा फोन आला, आई, पोरगी फोन उचलत नाही, जरा जाऊन बघ. मला शहात्तरावं चालू आहे, गुडघे वाजतात. पण बघायला डोळे लागतात, गुडघे नाही.

घर झकास. दिवसभर ऊन. गॅलरीसमोर कडुलिंब. पोरगी मात्र वाळून काटकी झालीय. पिठलं-भात केला, दोनदा वाढून घेतलं. म्हणाली, आजी, तू इकडेच रुक जा ना. तिचं मराठी असंच, अर्धं हिंदी. म्हटलं, राहते, पण सगळं वाक्य मराठीत बोलशील त्या दिवसापासून.

ही वही तिनंच दिली. चौथी शिकलेली बाई काय लिहिणार? पण इथे मराठी बोलायची तरी कुणाशी, म्हणून लिहिते.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

पोरगी कुठे अडकलीय ते कळलं. काँप्युटरवर एक गल्ली आहे. चित्रं नाहीत, नुसतं लिहायचं. सात घरं, सात माणसं. ज्यानं त्यानं आपल्या घरातला माणूस व्हायचं आणि रोज लिहायचं, आज घरात काय झालं, पारावर कोण कुणाला काय बोललं. झाँसी, ग्वाल्हेर, सागर, इकडच्या मराठी घरांतल्या सात पोरांनी हा खेळ काढला. घरात मराठी कानावर पडायची, तोंडातून निघायची नाही, म्हणून. ह्याला अकरा वर्षं झाली.

बकुळचं घर तिसरं. तिथे तिच्याकडे तुळस आहे, दोन म्हशी आहेत, अंगण रोज सारवते. इथे केर मी काढला.

पण कल्पना वाईट नाही. माझ्या काळी असती, तर मीही एखादं घर घेतलं असतं आणि शेजारणीला धुऊन काढलं असतं.

शनिवार, ५ नोव्हेंबर

आज ती मला काँप्युटरचा पडदा दाखवत होती. गल्लीत कुणीतरी लिहिलं होतं, तिसऱ्या घरात म्हातारी आलीय, पाच किलो आलं घेऊन.

तू सांगितलंस का, विचारलं. नाही म्हणाली. देवाशपथ नाही म्हणाली. म्हटलं, मग खालच्या बाईनं सांगितलं असेल, तिला दुसरा उद्योग काय. बकुळ म्हणाली, खालच्या बाईला गल्ली माहीत नाही, आजी.

आल्याची गोणी पलंगाखाली सरकवली. उगाच.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

पोरगी दसऱ्यापासून घराबाहेर पडलेली नाही. कचेरीत आजारी म्हणून कळवलंय. आळशी म्हणून चांगली फैलावर घेतली, तर रडली. म्हणाली, रोज निघते, जिना उतरते, फाटक उघडते, आणि बघते तो खोलीतच असते. पायांत चपला असतात. मी म्हटलं, चक्कर येत असेल, जेव नीट.

मग अडलंय काय तेही सांगितलं. दसऱ्याला पडद्यावर दोन चौकोन आले. एकावर लिहिलंय पुढे चालू, दुसऱ्यावर पहिल्यापासून. सातही जणांनी एकच दाबायचा, तोवर गल्ली थांबलेली. बाकी सहा जण पहिल्यापासून म्हणतात. बकुळ एकटी म्हणते पुढे चालू. अकरा वर्षं पाण्यात कशी घालू, म्हणते. ते सहा दिवसभर लिहितात, दाब, दाब, दाब.

संपवायचा चौकोन कुठाय, मी विचारलं. नाहीच म्हणाली. असं कसं? सोळा सोमवारांनासुद्धा उद्यापन असतं. ज्याला उद्यापन नाही ते धरूच नये. आणि धरलं, तर अर्ध्यात टाकू नये.

वायर उपटून टाकली. पडदा चालूच राहिला. झाँसीची वीज, कशी वागेल सांगवत नाही.

गुरुवार, १० नोव्हेंबर

आज मार्ग काढला. आमच्या घरात सासूला होईनासं झालं की तिचा वसा सून घेते. मीही घेतला होता. देणारीनं घेणारीच्या तळहातावर पाणी सोडायचं, घेणारीनं तीनदा घेतला म्हणायचं. मग तो घेणारीचा, देणारी मोकळी. बकुळला म्हटलं, तुझं घर मला दे. तू झोप काढ, कचेरीत जा. त्या सहा जणांना मी बघते, मी तोंड उघडलं की बरुआसागरची भाजीवाली भाव उतरवते.

पोरगी हसली, कितीतरी दिवसांनी. फुलपात्रातलं पाणी माझ्या हातावर सोडलं. मी म्हटलं, घेतला, घेतला, घेतला.

लगेच झोपली. काँप्युटरपाशी बसून नुसतं बोलायचं, अक्षरं आपली उमटतात, हे तिनं शिकवून ठेवलंय. अजून काही दाबलं नाही. आधी माणसं पारखते.

शनिवार, १२ नोव्हेंबर

बकुळ काल कचेरीत गेली. फाटकाबाहेर पडताना गॅलरीतून पाहिली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. संध्याकाळी कचोऱ्या आणल्या, गाणं गुणगुणत होती. पाण्याचा गुण म्हणावा लागेल.

पण कचोऱ्या एकाच ताटात वाढल्या. तिच्या.

सोमवार, १४ नोव्हेंबर

देवळात जावं म्हणून निघाले. जिना उतरले, कठडा धरून, एकवीस पायऱ्या मोजल्या. फाटकाची कडी काढली, लोखंड गार लागलं. आणि खोलीत होते. काँप्युटरसमोर. पायांत चपला.

चक्कर नव्हती. मी नीट जेवते.

चार वेळा गेले. चार वेळा आले.

बुधवार, १६ नोव्हेंबर

बकुळशी बोलले. भांडले. ती माझ्या अंगावरून पलीकडे पाहते. खालच्या बाईला सांगत होती, कुणीतरी हे आलं ठेवून गेलंय, भाभीजी, तुम्ही घेऊन जा.

जनार्दनला फोन लावला. आई बोलतेय म्हटलं. तो म्हणाला, रॉंग नंबर है, माँजी. चांगल्या आवाजात म्हणाला. शिकवलंच आहे तसं मी.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

पहिल्या घरातल्या कमलला काँप्युटरवर विचारलं. ती ग्वाल्हेरची. म्हणाली, आपण सातही जण सारखेच. म्हातारे. पाचव्या घरातले गोपाळराव नातवाच्या जागी बसले, ती भाचीच्या जागी बसली होती, चार दिवसांसाठी. पोरं सुटली, आपण राहिलो. तुझी पोरगी तेवढी शेवटची होती.

पहिल्यापासून दाबलं तर काय होईल, विचारलं. म्हणाली, सरळ आहे. जे पहिल्यांदा बसले होते ते परत आपापल्या घरात येतील, आपण सुटू. तू दाब, आणि उद्या सकाळी देवळात जा.

म्हणजे तुझी भाची पुन्हा आत, मी म्हटलं.

पडद्यावर उमटलं, कोणती भाची.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

म्हणून ते दाबतात. वाईट नाहीत. कुणासाठी बसलो तेच विसरलेत. आधी पुढे चालू म्हणायचे सगळे, नाव गेलं की एकेक जण उलटला.

मी नाही विसरणार. बकुळ जनार्दन. बकुळ. बकुळ. रोज लिहीन.

मी दाबत नाही तोवर गल्ली अडलेली, आणि ती बाहेर. एवढंच माझ्या हातात. तर एवढं.

रविवार, २० नोव्हेंबर

सकाळी गॅलरीचं दार उघडलं. कडुलिंब नाही. अंगण आहे, सारवलेलं. पलीकडे पार. दोन म्हशी माझ्याकडे बघत उभ्या.

मागे खोलीत बकुळ केस विंचरतेय. हात लांब केला तर पोचत नाही— खोली लांब होते.

पारावर सहा जण बसलेत. गोपाळरावांनी हात जोडले.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. कमल. थकलेली बाई, माझ्याच वयाची. म्हणाली, बाई गं, पोरगी तरणी आहे, काढील अकरा वर्षं. तुझी हाडं का मोडतेस? मी म्हटलं, माझी हाडं माझी, तू आपल्या घरी जा. ती म्हणाली, घर कुठलं ते सांग, जाते.

दार लावून घेतलं. कडी बसत नाही.

मुलाचं नाव सकाळी आठवलं नाही. रेल्वेतला. तासाभरानं आठवलं, आता पुन्हा—

मुलीचं आहे. बकुळ. आहे.

गुरुवार असावा

बकु— बकुळ. तीन वेळा चुकलं.

खोली फार लहान दिसते आता. खिडकीएवढी. आत एक मुलगी आरशासमोर उभी असते. चांगली भरलीय अंगानं. जेवते वाटतं.

सहा जण अंगणात. रोज एक पाऊल पुढे. ओरडत नाहीत— ओरडले असते तर बरं, भांडता आलं असतं. नुसतं म्हणतात, दाब ना.

देऊळ आठवतं. पायरी उन्हानं तापलेली. जावंसं वाटतं. फार वाटतं. त्या खिडकीतल्या मुलीचं आणि माझं काय—

नाही. काहीतरी आहे. मी शब्द दिलाय.

तारीख नाही

दाबायचं नाही, हे पक्कं. कुणासाठी, ते मागच्या पानांवर आहे. माझंच अक्षर. ब दिसतो. क दिसतो. जोडता येत नाही.

ते दारात आलेत. हे बोट पडद्यावरच्या चौकोनावर कुणी ठेवलं— माझंच आहे. खिडकीतली मुलगी हसतेय, कुठेतरी जायला निघालीय, पायांत—

थांबा म्हटलं ना. आधी तिचं नाव लिहू द्या, मग बघू. येतंय— जिभेवर आहे— ब