एकदाच आलेला शब्द

प्रिय वैदेही,

तुझ्या आजीला अक्षर येत नाही, म्हणून हे शेजारच्या इंदुबाई लिहितायत. शाळेत शिकवायच्या, त्यामुळे माझं बोलणं मध्येच शुद्ध करायला बघतात. मी म्हटलं, बाई, अंगठा माझा उमटणार, तर तोंडही माझंच राहू दे.

तुझं पुण्यातलं भाषण तुझ्या आईनं मोबाइलवर ऐकवलं. एरवी मला सीरियलसुद्धा लावून देत नाही! बायबलातला एक हिब्रू शब्द तू समजावत होतीस. मअके. म्हणजे गच्चीचा कठडा. एवढ्या जाड पुस्तकात एकदाच आलाय म्हणालीस. नवं घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, नाहीतर कुणी पडलं तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर. मला वाटायचं, देवाच्या पुस्तकात स्वर्ग-नरक असेल. हा देव तर गवंड्याच्या मागे उभा राहून काम करून घेतो. हसले मी. मग तू मध्येच थांबून पाणी प्यायलीस, आणि आईनं मोबाइल पालथा ठेवला.

आपला सोहम तेव्हा सहा वर्षांचा, तू अकरा. बदलापूर गावातलं घर नवं होतं. पुढं माडी चढवायची म्हणून खांबांच्या सळया गच्चीवर तशाच वर काढलेल्या. तुझा भाऊ त्यांना शिंगं म्हणायचा. आपलं घर म्हणजे बैल. त्या दिवशी कुरडया घातल्या होत्या. सोहमवर लक्ष ठेव म्हणून तुला वर बसवलं, आणि दुसरं ताट न्यायला मीच खाली हाक मारली. तू ताट घेऊन जिना चढत होतीस तेव्हा... इंदुबाई, पुढचं नको, तिला माहीत आहे.

माणसं जमली तेव्हा सगळ्यांसमोर मी तुलाच विचारलं, तुझं लक्ष कुठं होतं? मला वाटलं, रागात बोललेलं विरून जाईल. तू ते बरोबर घेऊन गेलीस.

परवा तुझी आई रडत सांगत होती, तू आपल्या जावयाला, उन्मेषला म्हणालीस, मूल नको, माझ्या हातून सांभाळलं जायचं नाही. म्हणून हे पत्र. ऐक. सोहम पडला त्याच्या आधी धाकलू गवंडी कठडा बांधायला आला होता. विटा आदल्या दिवशीच वर चढवून झाल्या होत्या. आजोबा कामावर. मी त्याला परत पाठवलं. वर्षभरात माडी चढणार, आज बांधून उद्या फोडायचा कशाला? शिवाय कठडा घातला की घराची वाढ खुंटते, असं माझं शहाणपण. आजोबांना सांगितलं, धाकलू आलाच नाही. ते मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत, आणि मी गप्प. मूल हवं की नको ते तुम्ही दोघं ठरवा. आयुष्यात पहिल्यांदाच मी मध्ये बोलणार नाही. पण माझा दोष अंगावर घेऊन ठरवू नकोस. इंदुबाईंचं पेन थांबलंय. म्हटलं, लिहा, एक अक्षर गाळू नका.

तुझीच, अजून हवी असले तर,
आजी