वस्तऱ्याआधीची खूण

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आपल्या दोघांत वर्षाला दोन पत्रं, तीही हवापाण्याची. आज हवापाणी नाही. बाबांना पक्षाघाताचा झटका आला, त्याला बावीस दिवस झाले. उजवी बाजू पार गेली. हात खांद्यापासून नुसता लोंबतो, तोंड वाकडं झालंय, आणि बोलणं निम्मं कळतं, निम्मं मी अंदाजानं ओळखते. तुला लगेच कळवलं नाही, कारण तू येत नाही म्हणाला असतास तर ते ऐकायची माझ्यात तेव्हा ताकद नव्हती. शाळेतून रजा काढून मी इथं आलेय. मुलं त्यांच्या बाबांच्या ताब्यात आहेत, तेव्हा माझ्या घराचं काय झालं असेल ते विचारूच नकोस.

दुकान बंद आहे. दाढीच्या खुर्चीवर मी चादर टाकलीये. चाळीस वर्षं लोकांची तोंडं गुळगुळीत करणाऱ्या माणसाच्या गालांवर आता बोटभर रान माजलंय. पलीकडच्या गल्लीतला न्हावी बिचारा आपणहून आला, तर बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तुला माहीतच आहे, सकाळी क्रूसाची खूण केल्याशिवाय त्यांनी कधी वस्तरा उघडला नाही. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, आणि मगच पहिलं गिऱ्हाईक. आता तो हातच वर येत नाही. जेवणाआधीची खूण होत नाही म्हणून धड घासही घेत नाहीत. मी फारच रागावले की चार चमचे दूध पितात.

म्हातारे फादर दर रविवारी येऊन जातात. त्यांनी बाबांना परोपरीनं समजावलं की डाव्या हातानं करा, देव काही रुसून बसणार नाही. उजवा हात ही रीत आहे, अट नव्हे. म्हणे ही खूण काही एका दिवसात ठरलेली नाही. कुठं दोन बोटांनी करायचे, ख्रिस्त देवही आणि माणूसही म्हणून. कुठं तीन बोटांनी, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणून. आणि एवढ्यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. कितीतरी लोक अजूनही आधी उजव्या खांद्याला हात लावतात, मग डाव्या. हात कपाळावरून छातीवर उतरतो तो देव खाली माणसांत उतरला म्हणून, एवढं ध्यानात असलं की पुरे, असं फादर म्हणाले. बाबांनी सगळं ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

तुमच्या दोघांत झालं ते मी विसरलेले नाही. भरल्या दुकानात तू डाव्या हातानं खूण केलीस आणि त्यांनी धार लावायचा पट्टा उचलून त्या हातावर ओढला. गिऱ्हाइकं बघत होती. तू तेव्हा एकोणीसचा होतास, त्याच दुपारी घर सोडलंस, आणि त्याला आता सतरा वर्षं झाली. पण बाळा, डॉक्टर म्हणतात की दुसरा झटका कधीही येईल. तू ये. मी हात जोडून सांगतेय.

तुझ्यावर अजून हक्क सांगणारी,
ताई


१३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाईट वाटलं. वाटलं नाही म्हणालो तर तुला खरं वाटणार नाही, म्हणून लिहितो. सारखं आडवं ठेवू नकोस, पाठीला जखमा होतात. दाढीच्या जागी खाज सुटत असेल, तर कोमट पाण्यात टॉवेल पिळून पाच मिनिटं गालांवर ठेव. तेवढं मास्तरीणबाईंना जमेल.

माझं बरं चाललंय. दुकानात आता दोन खुर्च्या झाल्या. मी डाव्या हातानंच दाढी करतो. पहिल्यांदा बसणारा जरा दचकतो, दुसऱ्यांदा स्वतःच मान वळवून देतो. खूण मात्र मी त्या दिवसापासून केलेली नाही. सकाळी शटर वर केलं की हात आपला आपण कपाळाकडे निघतो. मग मी केस सारखे केल्यासारखं करतो. बायकोला वाटतं मला टक्कल पडायची काळजी लागलीये.

फादरनी सांगितलं ते मी तीनदा वाचलं. दोन बोटं चालतात, तीन चालतात, इकडून चालतं, तिकडून चालतं, आणि आता डावा हातही चालतो. छान. मग मी मार कशाचा खाल्ला? सहा वर्षांचा असताना माझा डावा हात जेवताना पाठीशी बांधून ठेवायचे, ते कशासाठी? त्यांच्या समोर बसून शिकलो म्हणून मला आरशातल्यासारखं उलटं यायचं, एवढंच तर होतं. देवाला चालत होतं, फादरला चालत होतं, न चालणारे एकटे आपले बाबा. आता त्यांच्यावर वेळ आली तर सगळ्या जगाची परवानगी हजर. माझ्या वेळी कुणी बोललं नाही.

मी येत नाही. माझ्याच्यानं होणार नाही. औषधं, डॉक्टर, जे लागेल ते कळव, मी कमी पडणार नाही.

वरचा मजकूर त्यांना वाचून दाखवू नकोस.

माया कमी होऊ देऊ नकोस,
धाकटा


२२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, वाचून दाखवू नकोस हे पत्राच्या शेवटी लिहितात होय? मी पाकीट त्यांच्या उशाशी बसून फोडलं. सतरा वर्षांत तुझं पत्र या घराच्या पत्त्यावर पहिल्यांदा आलं होतं. अक्षर बघूनच त्यांनी खुणेनं मोठ्यानं वाच म्हणून सांगितलं, आणि मी आनंदाच्या भरात वाचत सुटले. मार कशाचा खाल्ला, तिथं माझी जीभ अडखळली. तर बाबांनी माझं मनगट धरलं आणि पुढं वाचायला लावलं. मग पुन्हा पहिल्यापासून. एकूण तीनदा.

मग मी बघते तर त्यांनी डावा हात उचलला. कपाळाला लावला आणि पित्याच्या, एवढं अगदी स्पष्ट म्हणाले. हात खाली छातीकडे यायला हवा होता, पुत्राच्या म्हणायला. आलाच नाही. कपाळावरच ठेवून रडायला लागले रे. मी बाबांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर अर्धा तास धडपडून त्यांनी मला जे सांगितलं ते असं. फादरची परवानगी त्यांना नकोच आहे, ती पहिल्या दिवसापासून मिळालेली होती. ज्या हातासाठी पोराला मारलं, तोच हात आता स्वतःची अडचण आली म्हणून देवापुढं उचलायचा, तर आधी पोराला विचारायला हवं. पोरगा हो म्हणेपर्यंत खूण नाही. कुणाला पाठवून विचारायचं नाही, पत्रातूनही नाही. तोंडावर विचारायचं. मी म्हटलं, आणि तो आलाच नाही तर? तर तसंच जाईन, म्हणाले.

मला तुम्हा दोघांचाही संताप आलाय. एकाच ताग्यातलं कापड तुम्ही, हट्टाला कात्रीसुद्धा लागत नाही. पण तू लिहिलंस की तुझ्या वेळी कुणी बोललं नाही, ते माझ्या वर्मी लागलं. मी होते तिथं. हातात गिऱ्हाइकाचा टॉवेल घेऊन उभी होते, तेवीस वर्षांची घोडी, आणि तोंडातून शब्द काढला नाही. नंतर टॉवेल घडी घालून ठेवला. मला क्षमा कर. त्यांना करायची की नाही ते तुझं तू बघ, पण ते इथं येऊन बघ.

तुझी वाट पाहणारी,
ताई


२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतो. बायकोनं बॅग भरली, मी नुसता बघत होतो. दिवस त्यांना सांगू नकोस, सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसतील. तुझ्यावर माझा राग नाही, कधीच नव्हता.

धाकटा


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू शाळेत रुजू झालीस, मुलं जिवंत सापडली, हे वाचून बरं वाटलं. तू होतीस तेव्हाचे दोन दिवस तू पाहिलेसच. आम्ही दोघं जनावरांच्या बाजारात अनोळखी गिऱ्हाइकं बसावीत तसे बसून होतो. तू निघालीस आणि मला धडकीच भरली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी खुर्चीवरची चादर काढली. त्यांना उचलून बसवलं. किती हलके झालेत गं. गरम टॉवेल ठेवला, वाटीत साबणाचा फेस केला, गालांना लावला. वस्तरा त्यांचाच घेतला आणि त्याच पट्ट्यावर धार लावली. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मी पाहिलं. मी वस्तरा गालाशी नेला तर त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट बाजूला सारलं. डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, अजूनही माझा डावा हात चालत नाही यांना! वस्तरा ठेवून निघूनच जाणार होतो. तेवढ्यात लक्षात आलं, ते थांबलेत. खुणेआधी वस्तरा नाही, आणि खूण गिऱ्हाइकानं नाही, दाढी करणाऱ्यानं करायची असते.

मी उजवा हात उचलला. त्यांच्या घरात त्यांच्या रीतीनं, म्हणून. ताई, त्यांनी तो हात धरून खाली ठेवला. मग माझ्या डाव्या हाताला बोट लावलं आणि वर बघितलं. तोंड हलत होतं. विचारत होते, की त्यांनीही तोच हात वापरला तर मला चालेल का. शब्द चार, पण निघायला किती वेळ लागला. पुढं म्हणाले, चुकलो. ते एका दमात आलं.

मी हो म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो? सतरा वर्षं तोंडपाठ करून ठेवलेलं सगळं भाषण कुठं गेलं कोण जाणे. मग दोघांनी बरोबर खूण केली, समोरासमोर, डाव्या हातानं. छातीशी आल्यावर ते अडकले, पण मी थांबलो आणि ते पुत्राच्या म्हणाले. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, मी रडत होतो. मग दाढी केली. हनुवटीवर एक बारीक चीर पडली. तुरटी फिरवली, तर निम्म्या तोंडानं हसले.

संपलं असं वाटून मी टॉवेल घेतला, तर म्हणाले वाक. वाकलो. वाटीतल्या फेसात अंगठा बुडवून त्यांनी माझ्या कपाळावर छोटासा क्रूस काढला. तसाच दूध आणायला गेलो, पुसायचं सुचलंच नाही. रस्त्यात फादर भेटले. ते थबकलेच. म्हणाले, आपण करतो ती मोठी खूण पुष्कळ नंतरची. सर्वांत जुनी हीच, अंगठ्यानं कपाळावर. घरातून निघताना, दिवा लावताना, पायात जोडा घालताना लोक स्वतःला करायचे, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी आईबाप लेकराला करतात. म्हणजे माणूस कुणाचा आहे ते सांगणारी खूण. मला रस्त्यात उभं राहून पुन्हा रडू आलं. पस्तीशी उलटलेला बाप्या मी, लाज नाही वाटली.

आता जेवतात. थोडं, पण आधी खूण करून. काल डॉक्टर आले होते. नाडी बघून मला बाहेर घेऊन गेले आणि घरच्यांना बोलावून घ्या म्हणाले. रजा मिळत नसेल तर नोकरी गेली खड्ड्यात, तू नीघ. मी रोज सकाळी फेस करतो. माझ्या कपाळाचं झालं की ते अंगठा परत वाटीत बुडवतात, तो तसाच वर धरतात आणि दुकानात टॉवेल घेऊन तू उभी असायचीस त्या जागेकडे बघत बसतात.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
धाकटा