टोकाची चार अर्धी चुंबकं

मी, थोंगसुक सैलोम, वय ७९, शिक्षण चौथी, राहणार पाक थोंग चाई, जिल्हा कोरात, डोकं ठिकाणावर आणि पोट चिकट भाताने भरलेलं असताना हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर दबाव आणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

१. घर आणि माग मुलगी वांपेन हिला. जावयाने मागावर चड्ड्या वाळत घालणं त्याच दिवशी बंद करावं.

२. पितळी चिमटा नात कुंग हिला. याच चिमट्याने मी प्रकाशशाळेत, म्हणजे विजेच्या कणांपासून प्रकाश काढणाऱ्या प्रयोगशाळेत, चुंबकं बसवली. भोपळ्याच्या बीएवढी, उत्तर-दक्षिण आळीपाळीने, वीतभर लांबीच्या दोन ओळी. मधल्या फटीतून विजेचे कण नागमोडी पळतात आणि झगझगीत प्रकाश सांडतात. यंत्राने बसवताना तुकडे उडायचे, म्हणून त्यांना रेशीम विणणारीचे हात लागले.

३. आता माझं पाप. ओळींच्या टोकांना अर्ध्या जाडीची चुंबकं लागतात, तरच कण सरळ बाहेर पडतात. तिथले शास्त्रज्ञ डॉक्टर प्रासितने नकाशात तसंच काढलं होतं. मला वाटलं, मेला कंजूष! आमच्या गावात विणताना अर्ध्या फुलावर काठ कुणी संपवत नाही. मी पूर्ण लावली. पाहुण्यांसमोर कण भिंतीवर आपटले. प्रासित म्हणाला, "नकाशा माझाच चुकला." त्याचं प्रमुखपद हुकलं. मी बारा वर्षं गप्प, आणि वर रुसले त्याच्यावरच, की अर्ध्याचं कारण आधी का नाही सांगितलं. माझ्यामागे हे कलम प्रकाशशाळेत मोठ्याने वाचावं.

वरचं शेवटचं वाक्य रद्द. मेल्यावर कबूल करायला कसली हिंमत लागते? काल त्याच्या निवृत्तीच्या समारंभात मीच उभी राहिले, सगळं सांगितलं आणि शिवणाच्या डब्यात लपवलेली ती चार अर्धी चुंबकं टेबलावर ठेवली.

प्रासित म्हणाला, "मावशी, मी दुसऱ्याच दिवशी ओळ उघडून पाहिली होती. नवी टोकं मीच बसवली. तुमचं नाव घेतलं असतं तर तुम्हाला काढलं असतं. असे हात मी कुठून आणणार होतो?"

"आणि मला बारा वर्षं फुगून बसू दिलंस, गाढवा?"

"फुगल्यावर तुमचे हात जास्त नेटके चालायचे."

सगळी प्रकाशशाळा खो खो हसली. मीसुद्धा.

४. निळं रेशमी वस्त्र प्रासितला लिहिणार होते. वकील म्हणतो, मृत्युपत्रावर सही करणाऱ्या साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही, आणि प्रासित तर माझा साक्षीदार. मग हे कलमही खोडलं आणि वस्त्र आत्ताच त्याच्या कमरेला गुंडाळलं. काठ अर्ध्या फुलावर संपवलाय. आयुष्यात पहिल्यांदा.

ठिकाण: पाक थोंग चाई, माझा ओटा
दिनांक: १४ जानेवारी, बुद्धाब्द २५६७
सही: थोंगसुक सैलोम

साक्षीदार:
१. चालर्म नोपखुन, शेजारी
२. डॉ. प्रासित वोंगखाम, निळ्या वस्त्रासह