सारजाचं वय

प्रिय शुभदा,

फोनवर विचारलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहितो आहे. परवा जुळे सोलापूरला तुझ्याकडे आलो आणि चहा व्हायच्या आत ती सर्वेक्षणाची मुलगी, प्रतीक्षा, दारात उभी राहिली. याच कामात माझे केस पांढरे झाले. बाईची माहिती घेताना घरातल्या पुरुषाला लांब बसवायचं, हे मीच पोरींना शिकवतो. म्हणून पेपर घेऊन गॅलरीत गेलो. खिडकी मात्र उघडी होती. अजून लांब जायला हवं होतं, गेलो नाही.

तिनं विचारलं, तुम्हाला धरून आईला मुलं किती? तू तीन म्हणालीस. बरं वाटलं, अप्पा शेवटपर्यंत दोनच सांगत राहिले. थोरला भाऊ? "हाय की, त्यो काय, पेपर उलटा धरून बसलाय." तुझी चेष्टा करायची सवय जात नाही. मग आपल्या सारजाचं आलं. "ती न्हाय आता," म्हणालीस. कितव्या वर्षी गेल्या? आणि तू जराही न थांबता म्हणालीस, "एकतिसाव्या."

तेव्हापासून देवापुढे बसतो, पण मन जपात राहत नाही. त्या कानडी महादेवप्पाबरोबर सारजा निघून गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. अप्पांनी त्याच दिवशी आमच्यासाठी ती मेली म्हणून टाकलं. तू त्यांच्या रागानं बोलली असतीस तर चोवीस म्हणाली असतीस. अंदाजानं बोलली असतीस तर तीस, नाहीतर पस्तीस. ज्याला नक्की ठाऊक नसतं, तो माणूस पाचाच्या टप्प्यावर येऊन थांबतो. हे मी घरोघरी पाहिलं आहे. एकतीस कुणी अंदाजानं सांगत नाही. तुला कुणीतरी कळवलं होतं. कुणी, आणि मला सोडून तुलाच का?

पुढचा प्रश्न मला तोंडपाठ आहे. तेव्हा त्या गरोदर होत्या का, की बाळंतपणात गेल्या, की नंतरच्या दोन महिन्यांत? तू म्हणालीस, "ते ऱ्हाऊ दे गं, फुडचं इचार." पोरगी चिवट. रिकामं ठेवलं की सर ओरडतात म्हणाली. "तुज्या सरांना सांग, ताई लई खट हाय म्हणून." दोघी हसलात. मी सरच आहे, मला हसू आलं नाही.

कारण आजारानं, अपघातानं गेलेल्या बहिणीबद्दल विचारलं तर लोक सरळ नाही म्हणतात आणि पुढे जातात. उत्तराच्या जागा उगाच कुठंही रिकाम्या राहत नाहीत, दुखतं तिथंच राहतात. त्या तशाच सोडल्या तर बाळंतपणात गेलेल्या बायकाच मोजणीत कमी दिसतात. म्हणून ऑफिसात तशाच वयाच्या, तशाच भागातल्या दुसऱ्या बाईचं उत्तर तिथं बसवतात. लाखो घरांच्या हिशेबाला ते चालतं. आपल्या घराला कसं चालेल?

आणखी एक. दिवाळीत तू फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलीस आणि हळूच म्हणालीस, "ऊटा आयता?" जेवण झालं का, एवढं कानडी मलाही कळतं. तुझ्या सासरी कुणी कानडी बोलत नाही. मोठ्या माणसाला आपण त्या लाडाच्या आवाजात जेवण विचारत नाही, शुभे. तेव्हा मी मनात नको ते आणलं, तुझ्या संसाराबद्दलसुद्धा. आता वेगळंच सुचतं आहे, आणि ते खरं असावं म्हणून मी वेळापूरच्या देवळात उभा राहतो. इतकी वर्षं तिथंच सारजाला उदंड आयुष्य मागत होतो. ती नसताना.

अप्पांच्या भीतीनं लपवलंस म्हणावं, तर ते जाऊनही चार वर्षं झाली. मग माझी भीती वाटली का? तसं असेल तर तसं लिही, मी वाचीन.

आईचं जेवण आता दोन घासांवर आलं आहे. दार वाजलं की सारजा आली का म्हणते. तिला खरं सांगावंच लागेल, पण नुसती मरणाची बातमी घेऊन तिच्यासमोर बसायची माझी छाती नाही. बाळ वाचलं ना? मुलगा आहे की मुलगी? नाव काय ठेवलं? तेवढं कळव. आईला आधी ते नाव सांगेन, मग बाकीचं.

तुझाच,
इतकी वर्षं काही न विचारणारा,
जालिंदरदादा