सभागृहात न झालेलं भाषण

बाबा, माझं पुस्तक महिनाभरात छापायला जाणार आहे आणि मी त्यातलं सगळ्यात देखणं प्रकरण मोडून पुन्हा लिहितेय. पुस्तक एका काँग्रेसमनवर आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, आपल्याच इलिनॉयचा माणूस. लोहाराचा मुलगा, घरी पुस्तकं वाचून वकील झाला, तीनदा निवडून वॉशिंग्टनला गेला, चौथ्यांदा सपाटून हरला. पळालेल्या गुलामांना पकडून परत पाठवायच्या कायद्याविरुद्ध त्यानं सभागृहात भाषण केलं, असं त्याच्या गावातल्या पुतळ्याखाली कोरलंय. माझं अख्खं प्रकरण त्या भाषणावर उभं होतं. गेल्या आठवड्यात त्यानं त्याच दिवशी बायकोला लिहिलेलं पत्र हाती आलं. घसा बसलाय, खोलीतच पडून आहे, भाषण नुसतं छापायला दिलंय. तेव्हा तशी मुभा असे. न बोललेली भाषणंही कामकाजाच्या छापील अहवालात येत. मला हे माहीत होतं, तरी त्याच्या बाबतीत तपासलं नाही, कारण तो मला आवडायचा.

संपादक म्हणाली, तळटीप टाक, कोण वाचतंय. आणि मला शॉमबर्गच्या जुन्या घरातलं आपलं किचन दिसलं. मी बारा वर्षांची आहे. आदल्या दिवशी मंडळाच्या गणपतीत स्टेजवर माझी दातखीळ बसलीये, पण स्मरणिकेत भाषण छापून आलंय. प्रुफं तुम्हीच तपासलीत. मी नागपूरच्या आजीला फोनवर ऐटीत सांगते, मी मराठीत स्पीच दिलं. तुम्ही पोळी लाटता लाटता थांबता.

"दिलंस?"

"बाबा, इट्स प्रिंटेड!"

"प्रिंट झालं. तू बोलली नाहीस. आजीला परत फोन लाव. आत्ता."

मी रडत फोन लावला. फार राग आला होता तुमचा, अजूनही थोडा आहे.

तळटीप मी टाकणार नाही. तो त्या दिवशी बोलला नाही, हे प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात लिहिलंय. गाव चिडेल, चिडू दे. त्यानं ते शब्द स्वतःच्या नावानं छापले आणि त्यापायी खुर्ची गेली, एवढा मोठेपणा मला पुरे आहे.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही ते बरंच. समोर असतात तर पुढचं सांगायचा धीर झाला नसता. प्रस्तावनेत मी लिहिलं होतं, या माणसाचं नाव मी पहिल्यांदा वडिलांच्या तोंडून ऐकलं. तुम्हाला तो माहीतही नव्हता. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पुस्तकात कुठेतरी तुम्ही असावंत असं फार वाटलं. ते वाक्य आज काढलं.